बोल्ट परका नव्हता

मी, खाली सही करणारा, वय वर्षं चौऱ्याहत्तर, धंदा बंदुका दुरुस्त करणं व त्यांची पारख करून दाखला देणं, पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. दबाव म्हणायचाच तर मुलीचा आहे, पण तोही "बाबा, एकदाचं लिहून टाका" एवढाच. काय लिहायचं हे तिने सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या असून मला बारीक अक्षर दिसतं. हात मात्र थरथरतो. अक्षर वाकडं आलं तर तो हाताचा दोष समजावा, डोक्याचा नव्हे.

या कागदावर खाडाखोड आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मी स्वच्छ टाइप करून देते ना." मी नको म्हटलं. शस्त्रागारात रायफलीचा जुना नंबर रद्द करतात तेव्हा त्यावर एक आडवी रेघ मारतात आणि शेजारी नवा ठोकतात. म्हणजे आधी काय होतं ते पुढच्याला वाचता येतं. जुना नंबर घासून काढणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. मला लपवायचं नाही. जिथे रेघ आहे तिथे माझी आणि दोन्ही साक्षीदारांची छोटी सही आहे.

कलम पहिलं. राहतं घर, तीन खोल्या आणि मागची पडवी, स्वकष्टार्जित, हे माझ्या मुलाला व मुलीला निम्मं-निम्मं देण्यात यावं. बँकेतली ठेवही तशीच. दोघं भांडणार नाहीत. भांडण्याचा कोटा मी एकट्याने संपवला आहे.

मुलगा दुसऱ्या शहरात दातांचा डॉक्टर आहे. त्याला बंदुकांचा लहानपणापासून तिटकारा. दुकानात बस म्हटलं तर म्हणाला, "मला माणसं बरी करायची आहेत." मी म्हटलं, "मग मी काय माणसं मारतो?" त्यावर घरात चार महिने अबोला होता. आता आमचं बरं चाललंय. मी त्याला सांगतो, बाबा रे, आपण दोघं एकाच धंद्यातले. तूही दिवा आणि आरसा घेऊन अंधाऱ्या भोकात डोकावतोस आणि कीड कुठवर गेलीय ते सांगतोस. फरक एवढाच की माझी नळी ओरडत नाही.

कलम दुसरं. माझी पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली. तिचं शिवणयंत्र सुनेला देण्यात यावं, कारण ते चालवता येणारी घरात तीच आहे. स्वयंपाकघरातली उंच पाठीची खुर्ची मुलीला. ही खुर्ची माझ्या धाकट्या भावाने केलेली आहे. पत्नी ती कुठून घेऊन आली हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पण सांधा बघून सुतार ओळखता येत नसेल तर मी कसला पारखी! अकरा वर्षं मी रोज सकाळी त्याच खुर्चीत बसून चहा प्यायलो आणि ती कोणी केली हे माहीत नसल्याचं सोंग केलं. "भाऊजींना एकदा बोलवा हो," असं ती दर दोन-तीन महिन्यांनी म्हणायची. मी वर्तमानपत्र उलटायचो.

कलम तिसरं. दुकान, सर्व हत्यारं, आतली फट मोजायच्या गेजांचा संच, नळी तपासायचे दिवे आणि दुरुस्तीच्या नोंदवह्या मुलीला देण्यात याव्यात. परवाना सहा वर्षांपूर्वीच तिच्या नावावर झाला आहे. दारावरची पाटी बदलायची असेल तर खुशाल बदलावी.

तिला काही शिकवायचं राहिलेलं नाही. तरीही बापाने लिहायचं असतं म्हणून लिहितो. बदललेली लष्करी रायफल समोर आली की आधी बोल्ट मागे ओढून आत बोट घाल. गिऱ्हाईक कितीही शपथेवर सांगो की रिकामी आहे. मग काय काय कापलंय ते बघ: पुढचं लाकूड, संगिनीची खाच, नेम धरायची शिडीसारखी मागची पट्टी, बोल्टची सरळ मूठ तापवून खाली वाकवलेली आहे का. मग नखाने लोखंड चाचप. घासलेल्या जागी नख किंचित खाली जातं, डोळ्याला ते दिसत नाही. मग लाकूड उतरव. उतरवच. मग गेज लाव. एवढं झाल्यावर तोंड उघड. जुन्या बाजारातला तो लिलाववाला, जो प्रत्येक कापलेल्या रायफलीला "अगदी अस्सल" म्हणतो, त्याला माझ्या माघारी दुकानाचा दाखला कधीही देऊ नये. ही अट आहे, सूचना नव्हे.

कलम चौथं. शेजारच्या औषधवाल्याकडे माझी ॲल्युमिनियमची शिडी आहे. त्याने ती "पाच मिनिटांसाठी" नेली त्याला सात वर्षं झाली. ती शिडी मी या मृत्युपत्राने त्यालाच देत आहे, म्हणजे निदान माझ्या मागे तो चोर ठरायचा नाही.

कलम पाचवं. [या कलमावर आडवी रेघ. मूळ मजकूर असा:] "दुकानात मागच्या भिंतीवर असलेली, शिकारीसाठी बदललेली लष्करी बोल्ट-ॲक्शन रायफल माझ्या धाकट्या भावाला देण्यात यावी. सोबत बंद पाकीट आहे, ते त्यानेच उघडावं."

हे कलम मी का लिहिलं आणि का खोडलं ते सांगतो.

बावीस वर्षांपूर्वी हे दुकान आम्हा दोघांचं होतं. लोखंड माझं, लाकूड त्याचं. तो खिडकीजवळ बसून दस्ते घडवायचा. एके दिवशी एक निवृत्त वनरक्षक ही रायफल पारखायला घेऊन आला. म्हणाला, "बाहेरून बदललीय, पण आतून सगळी एकच आहे. एवढं लिहून द्या, म्हणजे झालं." मी बघितलं. रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी घरावर, एक नंबर. बोल्टवर, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावर, वेगळाच. मी लगेच बोललो, "बोल्ट परका आहे." दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातला तर काडतुसामागची फट कमी-जास्त होते, काडतूस फुटून तोंडावर येऊ शकतं. म्हणजे अशी रायफल झाडायची नाही, सुट्या भागांच्या भावाने विकायची.

खिडकीतून भाऊ म्हणाला, "दादा, लाकूड उघड ना. पोटात नंबर असतो कधीकधी."

मी म्हटलं, "तू रंधा मार. लोखंडाचं मी बघतो."

"दोनच तर स्क्रू आहेत. उघडून बघ, मग लिही."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक हसला. माझ्यावर हसला असं मला वाटलं. मी म्हणालो, "सुताराचं मत विचारलंय का इथे कोणी?"

त्याने कानस खाली ठेवली, हात धुतले, डबा उचलला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तेव्हा त्याच्या पटाशा नव्हत्या आणि किल्ली टेबलावर होती.

आता खरं लिहितो, कारण इथे नाही तर कुठे लिहिणार. त्याच संध्याकाळी मी ते दोन स्क्रू काढू शकलो असतो. गेज माझ्याच खणात होतं, दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही, कारण आत नंबर निघाला असता तर? शितावरून भाताची परीक्षा करायची नाही असं मी गिऱ्हाइकांना ऐकवायचो, आणि स्वतः एक शीत चेपून मोकळा झालो होतो. त्यापेक्षा भाऊ आगाऊ आहे असं समजणं सोपं होतं. मी दाखल्यावर लिहिलं: बोल्ट परका, झाडू नये. वनरक्षकाने दोनदा वाचलं. म्हणाला, "मग मला घरात नको. तुम्हीच ठेवा." रीतसर कागद करून रायफल दुकानाच्या नावावर झाली आणि गळ्यात चिठ्ठी घालून भिंतीवर गेली.

या जानेवारीत वकीलबाईंनी मृत्युपत्रासाठी दुकानातल्या प्रत्येक शस्त्राची यादी मागितली. यादी मुलीने केली. ती कोणाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही, बापाच्याही नाही. दुपारी तिने मागच्या खोलीतून हाक मारली, "बाबा, इकडे या. आणि आधी बसा."

तिने लाकूड उतरवलं होतं. नळीच्या पोटाखाली, लाकडाच्या आत झाकलेला, एक नंबर होता. तोच लाकडाच्या खाचेतही ठोकलेला. आणि तोच बोल्टवर. रिसीव्हरवरचा नंबर वेगळा होता, कारण तो रायफलीचा नव्हताच. रायफल लष्करातून ज्या खात्याकडे गेली, त्या खात्याने मूळ नंबर घासून आपला नोंद क्रमांक तिथे घातला होता. मी नख फिरवलं. खाली गेलं. मग तिने गेज लावलं. "गो", म्हणजे बरोबर मापाचं, घातलं, बोल्ट मिटला. "नो-गो", म्हणजे किंचित मोठं, घातलं, बोल्ट मिटला नाही. मिटायचा नसतोच. नळीत थोडी गंजाची खूण, बाकी रायफल ठणठणीत.

तिने गेज पुसून खणात ठेवलं. माझ्यावर गेली असती तर बोलली असती. ती आईवर गेली आहे.

त्या आठवड्यात मी वरचं कलम लिहिलं आणि भावाला माफीचं पत्र लिहून पाकिटात घातलं. चांगलं लिहिलं होतं, मलाच वाचताना भरून आलं. मुलीला कलम वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे काका ही माफी तुमच्या फोटोकडे बघून वाचणार? आणि त्यांना काही बोलायचं असलं तर ते कोणाशी बोलणार?"

मी म्हटलं, "त्याला बोलायचं नसेल."

"तुम्ही विचारलंत?"

वकीलबाईंनी वेगळीच अडचण काढली. भावाचा परवाना कधीच संपला आहे, त्यामुळे रायफल त्याच्या नावावर होऊच शकत नाही. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, चला, कायद्यानेच वाट बंद केली.

तरी वनरक्षकाचं देणं होतंच. ते सोपं वाटलं, परका माणूस. मी नवा दाखला लिहिला: नळी, लाकूड, बोल्ट एकाच नंबरचे, पूर्वीचा दाखला चुकीचा, चूक पारख्याची. तो घेऊन मुलीबरोबर त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो जाऊन दोन वर्षं झाली होती. तिने दाखला शांतपणे वाचला. म्हणाली, "ते शेवटपर्यंत म्हणायचे, माझी रायफल एकच आहे. मीच म्हणायचे, अहो, एवढा मोठा कारागीर खोटं कशाला सांगेल?" मग कागदाची घडी घालत तिने विचारलं, "आता हे मी कोणाला दाखवू?"

मी चपला घातल्या. पायऱ्या उतरताना मी मुलीला म्हटलं, "उद्या सकाळी काकाकडे गाडी घे."

भावाचा कारखाना म्हणजे एक लांब खोली आहे. भिंतीवर खुर्च्या उलट्या टांगलेल्या, खाली भुसा. तो एका खुर्चीचा पाय बसवत होता. वर न बघता म्हणाला, "दादा, पाय पूस. पॉलिश ओलं आहे." जणू मी कालच येऊन गेलो होतो. माझ्या पायांच्या आवाजावरून त्याने ओळखलं असणार.

मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "बोल्ट त्याच रायफलीचा आहे."

"माहीत आहे."

"मी लाकूड उघडायला हवं होतं."

"हो." मग म्हणाला, "हे धर आधी. सरस सुकतोय."

मी खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी दाबून धरला. माझा हात थरथरतो हे त्याने पाहिलं, त्याने माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने शिकंजा आवळायला लागला. हात अडकलेले होते म्हणूनच मला बोलता आलं असेल. मी म्हणालो, "नंबर चुकला ते चुकला, माणूस चुकतो. पण तुला बोललो ते चुकून नाही बोललो. तुला लागावं म्हणून बोललो. माझं फार चुकलं. मला माफ कर."

तो शिकंज्याचा स्क्रू फिरवत राहिला. गरजेपेक्षा जास्तच फिरवला. मग म्हणाला, "मला वाटायचं तू येशील. पहिली पाच वर्षं रोज वाटायचं. रस्त्यावर गाडी थांबली की मी बघायचो. मग वाटणं बंद केलं, काम होईना." त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते लपवले नाहीत. मीही नाही. मुलगी म्हणाली, "मी गाडीतून रायफल आणते," आणि चांगली पंधरा मिनिटं आलीच नाही.

आल्यावर त्याने रायफल मांडीवर आडवी घेतली आणि लाकडावरून तळवा फिरवला. "केवढं कोरडं केलंय हे! बावीस वर्षांत एक थेंब तेल नाही?"

"लाकूड तुझं खातं होतं," मी म्हटलं.

"लोखंड तरी कुठे धड बघितलंस?" तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो.

मुलीने विचारलं, "काका, पुढचं कापलेलं लाकूड जोडून परत लष्करी करायची का? तसे तुकडे मिळतात."

"कशाला? मग ती धड इकडची नाही, धड तिकडची नाही. कापलं ते कापलं. पन्नास वर्षं ती अशीच आहे, आणि चांगली आहे. आहे ते नीट ठेवू."

म्हणून कलम पाचवं रद्द. माफीचं पाकीट मी फाडलं, कारण त्यातला मजकूर आता तोंडी पोचला आहे.

कलम सहावं. सदर रायफल मुलीला देण्यात यावी. तिने ती विकू नये, पण क्लबात नेऊन जरूर झाडावी. गेल्या रविवारी पहिला बार आम्ही रायफल बाकाला बांधून, चापाला दोरी लावून, लांबून काढला. मग तिने खांद्याला लावून पाच काढले. पाचही एका बशीखाली झाकता येतील एवढ्यात लागले. भाऊ मागे कानांवर हात ठेवून उभा होता. त्याला आवाज पहिल्यापासून सोसत नाही. बंदुकांच्या दुकानात तीस वर्षं काढलेला माणूस!

तो आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दुकानात येतो. मुलीच्या गिऱ्हाइकांचे दोन दस्ते त्याने करायला घेतले आहेत. मला चहात साखर घालू देत नाही.

कलम सातवं. [या कलमावरही आडवी रेघ. मूळ मजकूर असा:] "खिडकीजवळचं कामाचं टेबल माझ्या धाकट्या भावाला देण्यात यावं. ते त्याने विसाव्या वर्षी स्वतः केलं असून उजेड तिथेच चांगला पडतो."

हे कलम आज सकाळी, म्हणजे सही करायच्या वेळी, खोडलं. त्याचं कारण लिहून मी आवरतं घेतो.

साक्षीदार दोन लागतात. एक डोळ्यांचे डॉक्टर ठरले होते. दुसरा म्हणून शेजारच्या औषधवाल्याला बोलावलं. तो पेन काढून बसलासुद्धा. तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "थांबा. ज्याला या कागदातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. सही केलीत तर तुम्हाला दिलेलं रद्द होतं." औषधवाल्याने विचारलं, "मला काय मिळतंय?" त्यांनी शिडीचं कलम वाचून दाखवलं. त्याने थोडा विचार केला, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाला, "मग शिडीच असू दे." आणि दुकान उघडायला निघून गेला.

भाऊ त्याच टेबलाशी बसून काम करत होता. तो उठला. म्हणाला, "मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला नाही करता येणार. तुमच्या नावे हे टेबल आहे. सही केलीत तर टेबल जाईल."

"जाऊ दे."

मी म्हटलं, "अरे, वेडा आहेस का? तुझं टेबल आहे. दुसरा कोणीही साक्षीदार मिळेल. समोरच्या शिंप्याला बोलावतो."

त्याने हात पुसले. टेबलाच्या कडेवरून एकदा तळवा फिरवला. मला माहीत आहे त्याला ते किती हवं होतं. मग म्हणाला, "दादा, टेबल तू गेल्यावर मिळणार. सही तू समोर बसलेला असताना करता येते. मला सही हवी."

मी त्याच्या हातात पेन दिलं.

हे मृत्युपत्र मी वाचलं, मला वाचून दाखवण्यात आलं, आणि सर्व रेघा माझ्या आहेत.

मृत्युपत्र करणारा: सही (कोणाला वाचता येत नाही, पण बँकेला चालते)

आम्ही दोघं या वेळी हजर होतो. त्यांनी आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर.

साक्षीदार पहिले: सही, डोळ्यांचे डॉक्टर

साक्षीदार दुसरे: सही, धाकटा भाऊ

स्थळ: दुकान, खिडकीजवळ

दिनांक: चौदा मार्च, मंगळवार, सकाळचे साडेदहा